वाडा हलवायच्या आधी

वाटणीत शंभरभर मेंढरं आली म्हणून गाव तुला आत्ताच लखपती म्हणायला लागलंय. म्हणू दे. गाभण मेंढीचे दहा हजार धरले तर आकडा खोटाही नाही. पण पोरा, तुझ्या सातबाऱ्यावर जमीन किती? अडीच एकर, त्यात निम्मा खडक. शंभर मेंढरं त्या रानात सोडलीस तर आठवड्यात नुसती माती दिसेल. जनावर तुझं आणि त्याच्या पोटाचं रान परक्याचं, असा आपला माणदेशी धनगराचा धंदा पहिल्यापासूनचा आहे. मेंढरं राखायला कुणीही शिकतं. ज्याला रान मिळवता आलं त्याचा वाडा टिकला. दिवाळी झाली की तुम्ही दोघं पहिल्यांदा स्वतःचं बिऱ्हाड घेऊन निघणार, म्हणून चार गोष्टी कानावर घालतो. सूनबाई, तूही बस. कोकरांचा भार तुझ्यावरच येणार आहे, आणि पैशाचा हिशेबही तुझ्याकडेच असावा असं मला वाटतं.

आधी चाऱ्याचं बघू. आपली दख्खनी मेंढी तीस किलोच्या आसपास भरते. तिला रोज वजनाच्या तीन टक्के कोरडा चारा लागतो, म्हणजे जवळजवळ किलोभर. शंभरांना रोज क्विंटल, वर्षाला 365 क्विंटल. एवढा चारा विकत घेऊन बघ म्हणजे आपले वाडवडील पायपीट का करत होते ते कळेल. हल्ली गावोगाव पोरं शेड घालून बंदिस्त मेंढीपालन काढतात. राष्ट्रीय पशुधन अभियानात 500 माद्या आणि 25 नरांच्या प्रकल्पाला निम्मं अनुदान आहे, 50 लाखांपर्यंत. ज्याच्या विहिरीला बारमाही पाणी आहे आणि दहा-पंधरा एकर चारा स्वतःचा आहे, त्याने जरूर करावं. पण दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते आणि फार झालं तर दोन वर्षांत तीन वेत. त्या कोकराच्या किमतीतून आईचा चारा, पेंड, औषध, गड्याची हजेरी आणि बँकेचा हप्ता निघतो का, हे कागदावर मांडल्याशिवाय त्या वाटेला जायचं नाही. मोबाईलवर शेड दाखवणाऱ्यांतले बरेच जण मेंढरं नाही, प्रशिक्षण विकतात.

आता रान. ते दर वर्षी कमी होतंय, त्यासाठी रडत बसायचं कारण नाही, पण डोळे उघडे पाहिजेत. आपल्या भागात पाऊस जेमतेम 500 मिलिमीटर, म्हणून माळ मोकळे होते आणि मेंढरू जगत होतं. मग टेंभूचं पाणी आटपाडी-सांगोल्याकडे गेलं, जिहे-कठापूरचं माणात आलं. पाणी आलं याचं मला बरंच वाटतं, माणसाला प्यायला नव्हतं तो काळ मी बघितलाय. पण जिथे पाणी गेलं तिथे ऊस आणि डाळिंब गेलं, पडीक रान गेलं. पाणलोटाची चांगली कामं ज्या गावांनी केली त्यांनी चराईबंदी केली. गायरानावर कुठे घरं, कुठे सोलरचे पत्रे. वनखात्याच्या हद्दीत पाय टाकला की दंड. 2006 च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क लिहिलेला आहे. पण आपण जंगलातले आदिवासी नव्हे, त्यामुळे तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा पुरावा लागतो. तो एकट्याने गोळा होत नाही, गावकीने मिळून करायचं काम आहे. म्हणून निदान जुन्या चराई पावत्या, दंडाच्या पावत्यासुद्धा, पत्र्याच्या पेटीत जपून ठेव. दंड भरलेला कागद हा तुझा आजा तिथे मेंढरं चारत होता याचा पुरावाच आहे.

मग आपल्या हातात काय? खत. धनगराकडे शेतकऱ्याला देण्यासारखी हीच एक वस्तू आहे आणि आपण ती फुकापासरी देत आलो. कृषी विद्यापीठाच्या पुस्तकात लेंडीखतात नत्र तीन टक्क्यांच्या आसपास आणि शेणखतात अर्धा टक्का लिहिलाय. शिवाय रानात मेंढरं बसवली की मूतही मातीतच मुरतं, ट्रॉलीने आणलेल्या खतात ते नसतं. हे शेतकऱ्याला माहीत असतं, पण भाव ठरवताना तो विसरतो. तू आठवण करून द्यायची, भांडायचं नाही.

वाडा बसवताना चार गोष्टी पाळ. बोली शेकडा मेंढरांमागे एका रात्रीची करायची आणि मोजणी मालकासमोर द्यायची, कोकरं धरायची नाहीत. वाघरीचं जाळं रोज पुढच्या पट्ट्यात सरकवायचं. एकाच जागी तीन रात्री वाडा राहिला की तिथे पीक माजतं आणि बाकीचं रान कोरडं राहतं, मग शेतकरी पुढच्या साली बोलवत नाही. वाडा उठला की त्याच दिवशी कुळव घालायला मालकाला सांगायचं. लेंडी-मूत उन्हात उघडं पडलं की नत्र हवेत जातो, पीक साधारण येतं आणि बोल मेंढरांना लागतो. चौथी गोष्ट कुणी सांगत नाही. मेंढरांनी वेड्या बाभळीच्या शेंगा खाल्ल्या असतील तर दोन-तीन दिवस त्यांना द्राक्षाच्या किंवा डाळिंबाच्या बागेत बसवू नकोस. बी पोटातून जसंच्या तसं पडतं आणि पावसाळ्यात बागेत बाभळी उगवतात. एकदा अशी बाग गेली की त्या शिवारात पाच कोसांत कुणी दार उघडत नाही.

पूर्वी खताच्या बदल्यात धान्य मिळायचं. आता पैसा घेतोस तर घे, पण निम्मं धान्यात मिळत असेल तर धान्य घ्यावं असं माझं मत आहे. पैसा वाटेत खर्च होतो, ज्वारीचं पोतं बिऱ्हाडात राहतं. आणि भोरकडून वरंधा घाट उतरून महाडच्या बाजूला जाणार असशील तर भात कापणी कधी आटपते हे आधी फोन करून विचार. कापणीच्या आधी पोचलास तर उपाशी मरशील, उशिरा पोचलास तर खाचरं दुसऱ्या वाड्याने घेतलेली असतील. निघायच्या महिनाभर आधी एक फेरी मोटारसायकलवर मारून यायची. प्रत्येक मुक्कामाला रान कुणाचं, पाणी कुठलं, जवळ पोलीस पाटील कोण, जनावरांचा दवाखाना किती लांब, हे वहीत लिही. ज्या मालकाकडे यंदा बसलास त्याच्या घरी निघताना चहा घ्यायचा आणि पीक उभं राहिलं की श्रावणात फोन करून विचारायचं, कसं आलंय म्हणून. माझे बरेच जुने मालक या एका फोनवर टिकले.

मेंढरू परक्या पिकात शिरणारच. शिरलं तर संध्याकाळच्या आत तू स्वतः जाऊन सांगायचं, तो शोधत येईपर्यंत थांबायचं नाही. दोन हजारांचं नुकसान त्याच दिवशी भागतं. चार दिवसांनी तेच दहा हजारांचं होतं आणि जातीवर येतं. आपल्या पोरांना मारहाण झालेल्या गोष्टी तू ऐकल्या आहेस. तसं झालं तर गप्प बसू नकोस, तक्रार लेखी दे. पण वेळ येऊ न देणं आपल्या हातात बरंच असतं.

कुठल्या रानात काय खाऊ घालू नये, हे मात्र पाठच पाहिजे. फवारणी कधी झाली हे विचारल्याशिवाय कुठल्याही बांधाला मेंढी लावायची नाही. भाजीपाल्याच्या आणि कपाशीच्या रानात तर नाहीच. ज्वारी कापल्यावर बुडख्याला कोवळे फुटवे येतात, ते पाण्याअभावी सुकलेले असले तर विषासारखे असतात. गुडघ्याएवढे होईपर्यंत त्यात घुसवायचं नाही. मका काढलेल्या रानात कणसं पडलेली असतात. उपाशी मेंढी त्यावर तुटून पडते, रात्रीत पोट आंबतं आणि सकाळी पाय ताठ. म्हणून अशा रानात जायच्या आधी वाळलेल्या चाऱ्यावर अर्धं पोट भरून ने. कारखान्यांच्या पट्ट्यात हंगामात उसाचे वाढे भरपूर मिळतात, कधी फुकट. दे, पण नुसते वाढे आठवडाभर देऊ नकोस. वाढे अंगातला चुना ओढतात, गाभण आणि पाजत्या मेंढ्या लुळ्या पडतात. पाण्यात चुन्याची निवळी घालायची, बाकी चारा मिसळायचा.

आणि मोरचूद. खुरकुजीला मोरचुदाच्या पाण्यातून मेंढरं काढतात ते बरोबर आहे. शंभर लिटरला पाच किलो, पाय बुडतील एवढंच पाणी. पण तहानलेली मेंढी त्यातून काढायची नाही, ती तोंड लावते. मोरचूद म्हणजे तांबं, आणि मेंढीला तांबं लवकर बाधतं, गाईपेक्षा कितीतरी लवकर. म्हणूनच गाईचं खनिज मिश्रण मेंढीला घालायचं नाही, पिशवीवर मेंढीचं चित्र किंवा नाव बघूनच घ्यायचं. दुकानदार म्हणेल सगळं एकच असतं. एकच नसतं.

आता मरतूक. धनगर बाजारात पाचशे रुपये कमी आले तर महिनाभर बोलतो आणि पावसाळ्यात बारा कोकरं गेली तर देवाची मर्जी म्हणून गप्प बसतो. देव बिरोबा माझाही आहे, पण आंत्रविषाराची लस त्याने आणायची नसते. पहिला पाऊस पडला, हिरवं लुसलुशीत आलं की सगळ्यात धष्टपुष्ट कोकरू संध्याकाळी बरं असतं आणि सकाळी मेलेलं सापडतं. तो आंत्रविषार. लस मे महिन्यात, पावसाच्या आधी टोचायची. पहिल्यांदा टोचत असशील तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस. पीपीआरची लस चार महिन्यांच्या पुढच्या कोकराला एकदा दिली की साधारण तीन वर्षं बघावं लागत नाही, आणि सरकार ती फुकट देतं. पाऊस सरता सरता चिलटं वाढली की नीलजिव्हा येते, तोंड सुजतं, पाय लंगडतात. तेव्हा ओढ्याकाठी, दलदलीजवळ वाडा लावायचा नाही. लस बर्फातच आली पाहिजे. खिशात घालून आणलेली लस टोचणं म्हणजे पाणी टोचणं. आणि टोचलं त्या दिवशी मजल मारायची नाही.

सूनबाई, जंताच्या औषधाचं तू ठरवायचं. याला दर महिन्याला बाटली आणायची खोड लागेल, सगळ्यांनाच लागते. सारखं औषध दिलं की जंत त्याला दाद देत नाहीत. तू काय करायचं, तर मेंढीचं डोकं मांडीत धरायचं, अंगठ्याने वरची पापणी हळू दाबायची आणि दुसऱ्या अंगठ्याने खालची ओढायची. आतलं मांस लालबुंद असेल तर सोडून दे. गुलाबी असेल तर लक्षात ठेव, कागदासारखं पांढरं असेल तर तिचं रक्त जंत पितायत, तिला औषध. उन्हात बघायचं, झाडाखाली रंग फसवतो. अशी बघत गेलीस तर शंभरातल्या वीस-पंचवीस मेंढ्यांनाच औषध लागेल. कळपात शंका आली तर सकाळच्या ताज्या लेंड्या पिशवीत बांधून दवाखान्यात तपासायला द्यायच्या, त्याला फार पैसे पडत नाहीत.

व्यायलेल्या मेंढीखाली कोकरू तासाभरात लागलंच पाहिजे. चीक पोटात गेला नाही तर पुढे कितीही जप, ते कोकरू रेंगतंच. आई घेत नसेल तर तिला खुंटाला बांध, दोन दिवसांत घेते. पहिलारू मेंढीवर जास्त लक्ष. नाळेला आयोडीन लाव. मुक्काम हलताना कोकरं पिकअपमधून नेणार असाल तर ताडपत्री वरून पूर्ण झाकायची नाही, आणि कोकरं पुढे, बिऱ्हाड मागे असं भरू नका. ब्रेक लागला की भांडी अंगावर येतात.

थंडीतल्या पावसाचं विसरू नकोस. 1 आणि 2 डिसेंबर 2021 ला अवकाळी आला तेव्हा जुन्नर, आंबेगाव, पारनेर, संगमनेरच्या बाजूला उघड्यावरची मेंढरं गारठून पडली, वाडेच्या वाडे बसले. ज्यांची नुकतीच कातरणी झाली होती ती आधी जातात, हे वेगळं सांगायला नको. म्हणून कातरणी दिवाळीच्या आत उरकायची, थंडी धरली की कात्री ठेवून द्यायची. हवामानाचा इशारा मोबाईलवर येतो, तो वाचायचा. मुक्कामाच्या गावात देऊळ, रिकामी पोल्ट्री, कारखान्याचं गोदाम, जे काही छप्पर असेल ते आल्या दिवशीच विचारून ठेव, पाऊस आल्यावर विचारलं तर कुणी किल्ली शोधत बसत नाही. मेलीच मेंढरं, तर पुरायची घाई करायची नाही. तलाठी आणि पशुवैद्यकाकडून पंचनामा झाल्याशिवाय काही मिळत नाही. केंद्राच्या नियमात आपत्तीत मेलेल्या मेंढीला 4,000 रुपये आहेत, तेही एका कुटुंबाला 30 पर्यंतच. त्याने मेंढी परत येत नाही, पण पुढच्या मुक्कामाचं पीठ येतं.

बिल्ला नसेल तर ते चार हजारही अडतात. 1 जून 2024 पासून राज्यात कानात बारा आकडी पिवळा बिल्ला असल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री, बाजार, भरपाई काहीच नाही असा नियम आहे. जुनी माणसं अजून म्हणतात मेंढीच्या कानाला भोक पाडलं की ती रोडावते. पाडून घे. चोर पिकअप घेऊन रात्री येतात, तेव्हा तुझी मेंढी तुझीच आहे हे सांगायला तोच आकडा उपयोगी पडतो. आकड्यांची यादी सूनबाईच्या फोनमध्ये आणि एक घरी.

योजनांवर संसार करायचा नाही, पण हक्काचं सोडायचंही नाही. भटक्या जमाती क मधल्या मेंढपाळांसाठी राजे यशवंतराव होळकर महामेष योजना 2017 पासून आहे. 20 माद्या आणि एक नर, 75 टक्के अनुदान. ज्यांच्याकडे तेवढी मेंढरं आहेतच त्यांना जून ते सप्टेंबर चराईसाठी महिन्याला 6,000, असे चार महिन्यांचे 24,000 अशीही सोय त्यात आहे. अर्ज ऑनलाईन असतो आणि तारीख नेमकी आपण रानात असताना येते, म्हणून गावातल्या एकाला सांगून ठेव. पशुपालनाचं किसान कार्ड काढ, दोन लाखांपर्यंत मिळतं आणि वेळेत फेडलं तर चार टक्क्यांनी पडतं. ते पैसे चाऱ्याला आणि औषधाला. लग्नाला काढलेलं कार्ड कधीच वेळेत फिटत नाही.

विक्रीचं सांगतो, कारण वर्षभराची कमाई एका सकाळी घालवणारे मी पुष्कळ बघितलेत. हेड्या वाड्यावर येतो, पाठीवर हात फिरवतो, कमरेला चिमटा घेतो आणि म्हणतो, अंगात काही नाही. रुमालाखाली बोटं दाबून भाव करायची रीत अजून आहे. ती मोडायची नाही, पण बोटं दाबायच्या आधी तुला वजन माहीत पाहिजे. झाडाला टांगायचा काटा आण, पोत्याची झोळी कर, कोकरू त्यात बसव. पंचवीस किलो भरलं तर मटण त्याच्या निम्म्याहून थोडं कमी, अकरा किलो धर. दुकानातला भाव साडेसातशे असेल तर सव्वाआठ हजार झाले, मुंडी, पाय, वजडी वेगळी. त्यातून खाटकाची मजुरी, हेड्याचं, गाडीभाडं वजा कर. उरतो त्याच्याखाली जायचं नाही. आणि हेड्यालाही शिव्या द्यायच्या नाहीत, अडीअडचणीला रात्री अकराला रोख पैसे घेऊन तोच येतो.

कधी विकायचं? आखाडात भाव चढतो, श्रावण लागला की महिनाभर पडतो. नवरात्रात पडतो, दसऱ्यानंतर उठतो. मार्गशीर्षात ढिला, चैत्रातल्या जत्रांना पुन्हा वर. हे सगळ्यांना माहीत आहे, तरी निम्मे लोक श्रावणातच विकतात, कारण वह्या-पुस्तकांचा आणि किराण्याचा उधारीचा तगादा तेव्हाच असतो. म्हणून किराणा उधार घेऊ नका. बकरी ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. 2025 ला 7 जूनला होती. त्या बाजाराला वर्षाचा, दोन दात झालेला, अंगावर खोड नसलेला नर लागतो, कान फाटका किंवा लंगडा चालत नाही. मेंढी पाच महिने गाभण राहते, म्हणजे ईदच्या बाजारासाठी नर कधी लावायचा हे सतरा-अठरा महिने मागे मोजून ठरवावं लागतं. कळपात नर बारमाही मोकळा सोडला तर कोकरं बारमाही येतात, मे महिन्याच्या उन्हातही येतात आणि तिथेच मरतात. नको तेव्हा त्याच्या पोटाखाली फडकं बांध.

नरावरून आठवलं. माडग्याळी मेंढ्याच्या लाखालाखाच्या गोष्टी आटपाडीच्या बाजारात ऐकशील. उंच, पोपटासारखं नाक, दिसायला राजा. कोकराचं वजन लवकर वाढतं हेही खरं. पण त्या लाखांतला बराच पैसा हौसेचा आहे, एकमेकांना नर विकण्याचा, मटणाचा नव्हे. तुला एक साधा माडग्याळी नर चांगल्या कळपातून आणायला हरकत नाही, आधी त्याची आई बघ, कासेत दूध किती ते बघ. फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीचा जुळं देणारा गुण दख्खनीत आणून सुवर्णा तयार केली. काम पक्कं आहे. पण जुळी कोकरं पाजायला आईला खुराक लागतो, आणि मजल मारणाऱ्या वाड्यात दुसरं कोकरू बहुतेक वेळा कुत्र्याच्या नाहीतर थंडीच्या तोंडी जातं. घरी चारा असेल तेव्हा दहा ठेव, वाड्यात सगळा कळप तसा करू नकोस. कुठलाही नर असो, दोन वर्षांनी बदलायचा, स्वतःच्या लेकींवर ठेवायचा नाही. पंचवीस-तीस मेंढ्यांना एक पुरतो.

लोकरीवर बोलण्यासारखं राहिलं नाही. वर्षाच्या दोन कातरण्या मिळून मेंढीमागे अर्धा-पाऊण किलो जाडीभरडी लोकर, तिच्या पैशात कातरणाऱ्याची मजुरीही निघत नाही. कोकरांचं जावळ मात्र वेगळं काढून सणगराकडे दे, घोंगडी करून घे. शहरात तिला गिऱ्हाईक आहे. बाकीची बांधावर फेकू नकोस, झाडांच्या आळ्यात घाल.

लांडगा येतो. त्याला विष घालायचं नाही, कायद्याने गुन्हा आहे आणि आधी आपलीच कुत्री मरतात. नेलं तर वनखात्याला लगेच कळव, खुणा पुसू नकोस. कुत्री चार असली तरी त्यातलं एक रात्री कोकरांजवळच बांधायचं.

शेवटचं काम निघायच्या आधीचं. कळप मोजून दहा कमी कर. तुला ते जिवावर येईल, पण प्रत्येकीचं तोंड उघडून दात बघ. दोन दात वर्ष-दीड वर्षाला, आठ चौथ्या वर्षाला पुरे होतात. त्यानंतर फटी पडतात, मग तुटतात. दात तुटलेली मेंढी कोवळ्या चाऱ्यावर ठीक वाटते आणि उन्हाळ्यात धसकटं चावता न आल्याने बसते. ती बसायच्या आधी, अंगावर मांस आहे तोवर दिवाळीच्या बाजारात विक. कास दाबून बघ, एक थान दगडासारखं लागलं तर तीही. दोन वेत रिकामी गेलेली तिसरी. लाडकी असली तरी. दहा मेंढ्यांचा चारा म्हणजे रोज दहा किलो, तो बाकीच्या नव्वदांना मिळतो.

आलेल्या पैशातला निम्मा कडब्याला बाजूला ठेव. शाळू फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो तेव्हा कडबा सगळ्यात स्वस्त असतो, मे महिन्यात तोच दुप्पट होतो आणि दुष्काळ असला तर मिळतच नाही. छावण्या उघडतात त्या मुख्यतः गाई-बैलांच्या, मेंढरांना तिथे दावण मिळेल हे धरून चालू नकोस. तू तेव्हा कोकणात असशील, म्हणून आताच इथल्या एका शेतकऱ्याशी पेंढीचा भाव बोलून थोडा विसार दे. बाभळीच्या शेंगा मी आणि तुझी आजी इथे राहून उन्हाळ्यात गोळा करू, चार-पाच पोती होतात, पावसाच्या तोंडावर तुम्ही परत आलात की गाभणींना कामी येतील. कडबा आला की गंज रचायच्या आधी खाली दगडांचा थर टाकायला सांग, गेल्या खेपेला तळाच्या पेंढ्या वाळवीने खाल्ल्या.